तहान, दुःख आणि देव: आमच्याकडे सतत येणारे प्रश्न

आजारी माणसांच्या घरी जाणाऱ्यांचा आमचा एक छोटा गट आहे, तळकोकणातला. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपल्यावर चर्चच्या अंगणात, मयताच्या घरी, नाहीतर रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे. मी फादर नाही, सिस्टर नाही, घर सांभाळून हे काम करणारी बाई आहे. आम्ही कॅथलिक, पण विचारणाऱ्यांत प्रोटेस्टंट मंडळीतले आहेत, हिंदू शेजारी आहेत, म्हणून जिथे चर्चची ठरलेली शिकवण आहे तिथे तसं म्हटलंय आणि जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणून लिहिलंय. अख्खं वाचलंच पाहिजे असं नाही, आपला प्रश्न शोधा.

१. आध्यात्मिक तहान म्हणजे नक्की काय? मला नुसतंच उदास वाटतंय की ही तीच आहे?

घर बांधून झालं, मुलगा बोटीवर लागला, लोन फिटलं, तब्येतही बरी आहे, आणि तरी तिन्हीसांजेला आत काहीतरी रिकामं वाटतं आणि ते कशाने भरेल ते कळत नाही. त्याला तहान म्हणतात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत ४२व्या स्तोत्रात पाण्यासाठी कासावीस झालेली हरिणी आहे, ६३व्या स्तोत्रात पाण्याचा थेंब नसलेली रखरखीत जमीन आहे, आणि दोन्हीकडे माणूस देवाला म्हणतोय की मला तू हवायस. तू काय देशील ते नंतर बघू. आपल्याकडे एवढा पाऊस पडतो, तीन-तीन हजार मिलिमीटर, आणि तरी एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो, टँकर मागवावा लागतो, कारण जांभ्यातून पाणी झिरपून समुद्राला जातं. माणसाचंही असंच होतं, वरून कितीही पडलं तरी आत टिकत नाही. संत ऑगस्टीननी हेच सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलंय, की देवाने आपल्याला स्वतःसाठी घडवलंय म्हणून त्याच्यात विसावेपर्यंत मन अस्वस्थच राहणार.

तर तहान लागणं ही विश्वासाची कमतरता नाही हे आधी डोक्यात घ्या. पण झोप उडालीय, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर ते वेगळं, प्रश्न ११ बघा.

२. विहिरीवरच्या शोमरोनी बाईला येशू जिवंत पाणी देतो म्हणाला, म्हणजे दिलं काय?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ४था अध्याय काढून सावकाश वाचा. भर दुपारची वेळ, येशू चालून थकलाय, याकोबाच्या विहिरीपाशी बसलाय, पोहरा नाही, दोरी नाही, विहीर खोल. आणि पहिलं वाक्य त्याचं आहे, मला प्यायला दे. जो देणार आहे तोच आधी मागतोय. त्यावरून बोलणं सुरू होतं आणि ती बाई शेवटी आपली घागर तिथेच ठेवून गावात धावत जाते. जिवंत पाणी म्हणजे पवित्र आत्मा, हे योहान पुढे ७व्या अध्यायात स्वतः सांगतो. आणि साध्या भाषेत सांगायचं तर, तुझं सगळं आयुष्य माहीत असूनही तुझ्याशी बोलायला थांबलेला देव.

एक गोष्ट मला दरवेळी खटकते. प्रवचनात त्या बाईला सरळ वाईट चालीची करून टाकतात. वचनात तसं कुठेही लिहिलेलं नाही. पाच नवरे झाले आणि आता जो आहे तो नवरा नाही, एवढंच आहे. त्या काळात नवरा मरायचा किंवा बायकोला टाकून द्यायचा आणि बाईच्या हातात काहीच नसायचं. येशू तिला एका शब्दाने रागावत नाही, मग आपण कोण?

३. येशू देव होता तर क्रूसावर त्याला तहान कशी लागली? ते फक्त शास्त्रवचन पूर्ण व्हावं म्हणून बोलला ना?

योहान १९:२८ मध्ये वचन पूर्ण व्हावं म्हणून असं लिहिलंय हे खरंय, पण म्हणून तहान खोटी ठरत नाही. चाबकाचे फटके खाल्लेले, रक्त गेलेलं, ऊन, खिळे. घसा खरोखर कोरडा पडलेला. आपला विश्वास हाच आहे की देव खराखुरा माणूस झाला, नाटकातला नाही.

ज्यांनी शेवटच्या दिवसांतल्या माणसाची सेवा केलीय त्यांना हे समजवावं लागत नाही. घोट गिळता येत नाही, पाणी दिलं तर ठसका लागतो, मग कापूस ओला करून ओठांवरून फिरवायचा, आणि ती माणसं तो कापूस ओठांत धरून चोखतात, सोडत नाहीत. असं करताना एका आजीने माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले. तेव्हापासून क्रूसावरचं ते वाक्य मला वाचून पुढे जाता येत नाही. मदर तेरेसांच्या सिस्टरांच्या प्रत्येक चॅपलमध्ये क्रूसाच्या बाजूला भिंतीवर तेच लिहिलेलं असतं, मला तहान लागली आहे. प्रार्थनेला बसलेल्या सिस्टरने उठून कोणाकडे जायचं ते त्या भिंतीवरच असतं.

४. मी ख्रिस्ती नाही. पण चर्चमध्ये बसलं की बरं वाटतं. चालेल का? धर्म बदलायला सांगतील का?

चालेल, खुशाल बसा. कोणी काही सांगणार नाही आणि सांगितलं तर आम्हाला कळवा. फक्त मिस्सेत ख्रिस्तशरीर, म्हणजे फादर देतात ती पवित्र भाकर, घेऊ नका, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. आणि हे सगळं परकं आहे असं वाटत असेल तर एवढं सांगते, फादर थॉमस स्टीफन्सनी ४०० वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत छापली. आणि रेव्हरंड ना. वा. टिळक तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. तहान आपल्या सगळ्यांची एकच आहे असं मला वाटतं.

५. देवान माझ्याच वाट्याक ह्या कित्याक दिल्यान?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा रडत येतो. खरं उत्तर हे की मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे असं तो म्हणतो त्याच्यापासून जरा लांब राहा.

ईयोबाचं पुस्तक याच प्रश्नावर आहे, ४२ अध्याय. त्याची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले, सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर गप्प जमिनीवर बसले, आणि तेवढंच काय ते त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यावर सुरू झालं, तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव उगाच का करेल. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण कारण सांगत नाही हां, उलट ईयोबालाच प्रश्न विचारतो, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास. मात्र त्या मित्रांना तो स्पष्ट सांगतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे देवाशी भांडणारा बरोबर ठरला, आणि देवाची बाजू घेऊन आजाऱ्याला टोचणारे चूक ठरले.

कारण मिळत नाही, मग मिळतं काय? येशूने दुःखाचं स्पष्टीकरण कधीच दिलं नाही, तो स्वतः त्यात उतरला. माझ्या बाजूला बसलेला देव सुळावर चढून आलाय, एवढ्यावर मी उभी आहे.

६. पण पापाची शिक्षा असते ना? बायबलमध्येच आहे.

काही दुःख आपल्याच करण्याने येतं हे खरंय. दारूने लिव्हर गेलं, भावाची जमीन लाटली आणि नातं तुटलं, यात गूढ काही नाही. पण उलटा हिशोब मांडायला, की दुःख आलंय म्हणजे पाप केलं असणारच, येशूने साफ मनाई केलीय. योहान ९ मध्ये जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की आईबापांनी? येशू म्हणतो, दोघांनीही नाही. अपंग मूल झालेल्या आईबापांनी हे वचन पाठच करून ठेवावं, कारण त्यांना ऐकवणारे नातेवाईक भरपूर असतात.

७. निसर्ग वादळात आमची नारळ-सुपारीची वाडी झोपली. गावात दारू-जुगार वाढलाय म्हणून देवाने केलं असं एक जण म्हणाला. खरं का?

नाही. ३ जून २०२०ला श्रीवर्धन, मुरूड, दापोली सगळीकडे वाड्या पडल्या, त्यात देवमाणसांच्याही पडल्या. लूक १३ मध्ये अगदी असाच प्रश्न आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का? येशू म्हणतो, नाही. मग म्हणतो की तुम्ही सगळे पश्चात्ताप करा, म्हणजे बोट मेलेल्यांकडे न दाखवता स्वतःकडे वळवा. आणि १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्ट्यासमोर डोंगर फोडणारा वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि दरवेळी लिहिलंय की देव त्यात नव्हता.

वादळानंतर जे कौलं-पत्रे घेऊन आले, ज्यांनी दुसऱ्याच्या वाडीतली आडवी झाडं कापून वाट मोकळी केली, देव शोधायचा तर तिथे शोधा. पडलेली वाडी पुन्हा धरायला लागायला कित्येक वर्षं जातात, तेवढी वर्षं त्या घराची विचारपूस करणं हे शिक्षेची चर्चा करण्यापेक्षा जास्त ख्रिस्ती काम आहे.

८. सासरचे म्हणतात मागच्या जन्मीचे भोग आहेत, कोणी म्हणतं करणी केलीय, भगताकडे चल. काय करू?

ख्रिस्ती विश्वासात माणूस एकदाच जन्मतो, त्यामुळे मागच्या जन्माचा हिशोब तुमच्या डोक्यावर नाही. करणीच्या बाबतीत माझा सल्ला असा, भीतीपोटी कुठेही जाऊ नका. कारण एकदा का कोणीतरी केलंय हे मनात बसलं की लगेच जाऊबाई किंवा शेजारीण डोळ्यांसमोर येते आणि आजार राहतो बाजूला, घरं मात्र तुटतात. घरात जड वाटत असेल तर फादरांना बोलावून घर आशीर्वादित करून घ्या. सासरच्यांशी वाद घालू नका, त्यांनाही तुमची काळजीच आहे, फक्त तुम्ही जाऊ नका.

९. देवावर राग येतो. शिव्याही दिल्यात मनात. पाप लागलं का?

देवाशी बोललात ना? मग ठीक आहे. स्तोत्रसंहितेत रडगाणी आणि तक्रारी ढिगाने आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेचं वाक्य नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. येशूनेच क्रूसावर २२वं स्तोत्र ओरडून म्हटलं, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. राग आला तर तोंड फिरवण्यापेक्षा तोंडावर बोला. त्याने फरक पडतो, माझा तरी अनुभव तसाच आहे.

१०. मिस्सेला जाते, जपमाळ करते, पण आत काहीच वाटत नाही. कोरडं. माझा विश्वास संपला का?

संपला असता तर हा प्रश्नच पडला नसता. या कोरडेपणाला चर्चमध्ये जुनं नाव आहे, आत्म्याची काळोखी रात्र, संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्यापासून. त्यांना त्यांच्याच संघातल्या लोकांनी १५७७ मध्ये टोलेडोला एका खोलीत कोंडलं, नऊ महिने, आणि तिथे त्यांनी देवावरच्या प्रेमाच्या कविता रचल्या. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये बाहेर आली तेव्हा जग हादरलं, कारण जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं. तरी रोज पहाटे उठून प्रार्थना, मग रस्त्यावरची माणसं उचलणं. २०१६ मध्ये त्या संत झाल्या.

त्यामुळे भावना मोजू नका. अशा वेळी प्रार्थना छोटी करा पण सोडू नका, एक आमच्या स्वर्गीय बापा पुरे. आणि कोणा एकाची काहीतरी सेवा धरा.

११. आमच्या ग्रुपमधले पास्टर म्हणाले विश्वास असेल तर गोळ्या बंद कर. डिप्रेशनच्या आहेत. करू?

नका करू, प्लीज. बीपीच्या, शुगरच्या, टीबीच्या, फिटच्या, मनाच्या, कुठल्याही गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. मनाच्या गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास उलट वाढू शकतो. लूक, ज्याचं शुभवर्तमान आपण वाचतो, तो स्वतः वैद्य होता, प्रेषित पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. वेंगुर्ल्यात मिशनने हॉस्पिटल उभं केलं ते त्याच्याच नावाने. एलीया खचून झाडाखाली, मला मरण दे म्हणत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. आधी शरीर, मग बोलणं.

प्रार्थना आणि औषध दोन्ही घ्या. जगावंसं वाटत नसेल तर आत्ताच कोणाला तरी सांगा, नाहीतर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

१२. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मटण बंद, पण मासे चालतात. आमच्याकडे रोजच मासे. मग त्यात त्याग कसला? आणि मुद्दाम त्रास करून घ्यायचाच कशाला?

नियम मांसाचा आहे, १४ वर्षांपासून पुढे. एकवेळ जेवून राहण्याचा कडक उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, १८ ते ५९ वयात. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सूट आहे, शुगर असेल तर हट्ट करू नका. देवाला आपला त्रास बघून आनंद होत नाही. पोट रिकामं राहिलं की आपण एरवी तहान कशाकशाने बुजवतो ते दिसायला लागतं, मोबाईल, खाणं, चहाड्या. ज्यांच्याकडे बांगडा रोजचाच आहे त्यांनी दुसरं काहीतरी सोडावं आणि वाचलेले पैसे गरजूला द्यावेत, हे माझं मत.

१३. आजारपणात सगळे म्हणतात, दुःख येशूला अर्पण कर. म्हणजे करायचं काय?

पौल कलस्सैकरांस पत्रात १:२४ मध्ये म्हणतो की ख्रिस्ताच्या क्लेशांतलं जे उरलंय ते मी माझ्या देहात भरून काढतो, मंडळीसाठी. येशूचं काम अपुरं राहिलं असा याचा अर्थ नाही. त्याने आपल्याला त्यात सामील करून घेतलंय असं कॅथलिक चर्च मानतं, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये यावर सविस्तर पत्र लिहिलं, ते स्वतः गोळी लागून वाचलेले होते. प्रोटेस्टंट मंडळी हे अर्पण वगैरे बोलत नाहीत, पण दुःखात ख्रिस्ताशी सहभाग हे तेही मानतात.

प्रत्यक्षात करायचं ते साधं आहे. केमोला बसल्यावर मनात म्हणायचं, प्रभू, हा तास अमक्यासाठी. पण एक अट आहे आणि ती मी फार कडक पाळते. हे वाक्य आजाऱ्याने स्वतः म्हणायचं. पलंगाशेजारी बसलेल्या धडधाकट माणसाने त्याला सांगायचं नाही. आपण उशी नीट करावी, पाय चेपावेत, गप्प बसावं. प्रश्न ५ मधले मित्र आठवा.

१४. नवरा पिऊन मारतो. आई म्हणते तुझा क्रूस आहे, सोस. सोसू?

नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रूसावर गेले ते विश्वास सोडला नाही म्हणून. नवऱ्याचा मार ही ती साक्ष नव्हे, तो गुन्हा आहे. चर्चच्या कायद्यातही, कलम ११५३, जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायची मोकळीक आहे. वेगळं राहिलात म्हणून ख्रिस्तशरीर बंद होत नाही. क्षमा करायची का, कधी, हा नंतरचा प्रश्न आणि क्षमा केली म्हणजे परत त्याच घरात जायलाच हवं असंही नाही. आधी सुरक्षित जागा. महिला हेल्पलाइन १८१, लगेच धोका असेल तर ११२. आयांनो, मुलीला परत पाठवू नका, हात जोडून सांगते.

१५. बाबांना कॅन्सर आहे, शेवटची स्टेज. ते मॉर्फिन नको म्हणतात, कारण येशूनेही वेदना बधिर करायला दिलेला, बोळ (एक कडू डिंक) मिसळलेला द्राक्षारस नाकारला. काय सांगू?

मार्क १५:२३ मध्ये नाकारला हे बरोबर. पण योहान १९ मध्ये शेवटी एजोब झुडपाच्या काठीवरचा आंबट द्राक्षारसाचा स्पंज त्याने घेतला, तेही बाबांना वाचून दाखवा. वेदनाशामक घेणं पाप नाही, पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये डॉक्टरांपुढे हे स्पष्ट केलं, आणि आजची शिकवणही तीच आहे की मारायचा हेतू नसेल तर वेदना शमवताना आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी ते चालतं. उपयोग नसलेले जड उपचार, व्हेंटिलेटर वगैरे, नाकारले तरी चालतात. मुद्दाम मरण आणणं मात्र नाही. पाणी, अन्न, स्वच्छता ही साधी सेवा शेवटपर्यंत. फादरांना तैलाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून करायच्या प्रार्थनेसाठी, बाबा शुद्धीत असताना बोलवा, अगदी शेवटच्या श्वासाची वाट बघत बसू नका, याकोब ५:१४ आजाऱ्यांसाठी आहे.

आणि बाबा सगळं ऐकूनही नको म्हणाले तर तो त्यांचा निर्णय, भांडू नका.

१६. भावाने जीव दिला. लोक म्हणतात तो नरकात गेला, चर्चमध्ये मिस्साही होत नाही.

मिस्सा होते, दफनही होतं. १९१७च्या चर्चच्या कायद्यात अडचण होती, १९८३च्या कायद्यातून ती गेली. आत्महत्या चूक आहे हे चर्च म्हणतं, पण तीव्र मानसिक त्रासात, भीतीत माणसाची जबाबदारी कमी होते हेही म्हणतं, आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नका असं स्पष्ट लिहिलंय. नरकात कोण गेलं हे चर्चने आजवर एकाही माणसाबद्दल जाहीर केलेलं नाही. जो तुमच्या तोंडावर असं बोलतो त्याला हे दाखवा. तुम्ही स्वतः खचला असाल तर प्रश्न ११ मधला नंबर तुमच्यासाठीही आहे.

१७. बोट परत आली नाही. देह मिळाला नाही. मयत कशी करायची, आणि कशाच्या जोरावर?

देह नसतानाही त्याच्यासाठी मिस्सा होते, फादरांशी बोला. कधी करायची ते घरच्यांनी ठरवायचं, गावाने घाई करू नये. काही बायका महिनोन् महिने दारात दिवा लावतात, लावू द्या. कपडे, जाळं, फोटो वेदीपाशी ठेवायचं असेल तर विचारा, बहुतेक फादर हो म्हणतात. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी नाव द्या, कबर नसली तरी नाव वाचलं जातं. पुढे दुसऱ्या लग्नाचा विषय आला तर नुसती इतकी वर्षं झाली म्हणून चर्चमध्ये चालत नाही, बिशपांनी चौकशी करून मृत्यू झाल्याचं जाहीर करावं लागतं, त्यामुळे तांडेल, खलाशी, बंदराची कागदपत्रं, ज्यांनी शेवटचं बघितलं त्यांचे जबाब, सगळं जपून ठेवा. सरकारी मदतीलाही तेच लागतं.

कशाच्या जोरावर, याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. रोमकरांस ८ मध्ये पौल म्हणतो की आपल्याला शब्दच सुचत नाहीत तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत प्रार्थना करतो. म्हणजे तुम्ही प्रार्थना करू शकत नसाल तरी ती होतेय. आम्ही गटातले दर गुरुवारी येतो, बोलायलाच पाहिजे असं काही नाही, आणि बंदराच्या ऑफिसात जायचं असेल तर सोबत कोणीतरी देतो, त्यासाठी आदल्या दिवशी सांगून ठेवा.